३३ इंची टायर आणि जुनी जीप: एक्सल कोणते टिकतील?

सडेवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

घरची महिंद्रा एमएम ५४० आहे. डिझेल, फोर बाय फोर, चारही चाकांना कमानपाटे. इंजिन तंदुरुस्त आहे, पत्र्याचं काम नुकतंच उरकलंय. सध्या ६.००-१६ टायर आहेत, म्हणजे उंची साधारण २८ इंच. आता ३३ x १२.५ आर १५ घालायचा विचार आहे आणि जमलं तर मागे लॉकर, म्हणजे एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा जोड.

गाडी जास्त करून राजापूर भागातल्या सड्यांवर, जांभ्याच्या खाणींकडे जाणाऱ्या रस्त्यांवर आणि उन्हाळ्यात घाटमाथ्याच्या खडकाळ गाडीवाटांवर फिरते. पावसात चिखल असतोच. स्पर्धेत उतरायचं नाही. पण माणसं घेऊन गेलेली गाडी परत आणायची असते, म्हणून मला यात घाई करायची नाही.

विचारलं त्या प्रत्येकाने "आधी एक्सल बघ" एवढं एकमताने सांगितलं. पुढे मात्र दहा तोंडं. कोणी म्हणतं ईएन-२४ पोलादाचे शाफ्ट करून घे, कोणी म्हणतं अख्खं मागचं हौसिंग (एक्सलचं बाहेरचं कवच) बदल, कोणी लँड क्रूझरचे एक्सल शोधायला सांगतं. पैसे एकदाच घालायचे आहेत. सुरुवात कुठून करू?

---

टॉर्कवाला

सरळ डेना ६० शोध, तो अमेरिकन जड एक्सल. ९.७५ इंची क्राउन (आतलं मोठं दातेरी चाक), ३५ स्प्लाइनचे (टोकावरच्या दात्यांचे) दीड इंची शाफ्ट. एकदा बसवलं की आयुष्यात काही तुटत नाही. बाकी सगळं म्हणजे ठिगळं लावणं.

---

लेथमास्तर

@टॉर्कवाला, डेना ६० दणकट आहे, वादच नाही. पण या जीपला ते झेपायला हवं. डिफरेन्शिअलचं (दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरांचं) पोट मोठं, म्हणजे ते जमिनीला अजून जवळ. २८ वरून ३३ ला गेल्यावर एक्सलखाली अडीच इंच मिळतात, त्यातले बरेचसे मोठं हौसिंग खाऊन टाकतं. वजन वाढतं ते वेगळंच, आणि ते सगळं कमानपाट्यांच्या खालचं वजन. एवढ्याशा डिझेल इंजिनाच्या गाडीला ते कशाला?

सडेवाट भाऊ, आमच्याकडे कोल्हापूरला ट्रॅक्टर, ट्रक, जीप, सगळ्यांचे तुटलेले शाफ्ट येतात. माझं ऐकणार असाल तर "कोणता एक्सल मजबूत" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी ठरवा, तुटायचंच असेल तर काय तुटलेलं तुम्हाला चालेल.

जोर कसा जातो बघा. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (वळता सांधा), मग पिनियन (क्राउनला फिरवणारं छोटं दातेरी चाक), क्राउन, आतले स्पायडर गिअर, मग हाफ शाफ्टची (एकेका चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टची) स्प्लाइन, शाफ्टचं अंग, शेवटी हब. या रांगेत कोणीतरी सगळ्यात कच्चा असणारच. हाफ शाफ्ट कच्चा असेल तर तो रानातसुद्धा बदलता येतो, सुटा शाफ्ट गाडीत घेऊन फिरता येतं. तुम्ही जबरदस्त शाफ्ट घातले आणि बाकी तसंच ठेवलं, तर पुढच्या वेळी क्राउन-पिनियनचा दात उडेल. मग हौसिंगमध्ये लोखंडाचे तुकडे, लॉकरचं नुकसान आणि गाडी दुसऱ्या गाडीवर लादून आणायची.

म्हणून शाफ्ट सुधारा, पण क्राउन-पिनियनच्या पुढे नेऊ नका. आणि क्रॉसचा एक जोड कायम गाडीत ठेवा.

---

घाटमाथा

मास्तरांना पूर्ण अनुमोदन. मी फक्त आकडे मांडतो, म्हणजे सडेवाट यांना नेमका भार कुठून येतोय ते दिसेल.

शाफ्टवर येणारा पीळ इंजिन एकटं ठरवत नाही, जमीन ठरवते. टायर घसरला की पीळ तिथेच थांबतो. म्हणजे जास्तीत जास्त पीळ = चाकावरचं वजन x पकड x टायरची त्रिज्या.

समजा भरलेल्या गाडीत मागच्या एक्सलवर ८०० किलो, म्हणजे चाकाला ४००. कोरड्या खडकावर पकड १ धरू. २८ इंची टायरला त्रिज्या ०.३५६ मीटर, पीळ सुमारे १,४०० न्यूटन मीटर. ३३ इंचीला ०.४१९ मीटर, सुमारे १,६५०. वाढ १८ टक्के.

आता लॉकर लावा. खडकावर एक मागचं चाक हवेत आणि सगळे ८०० किलो दुसऱ्या चाकावर, अशी वेळ नेहमी येते. उघड्या डिफरेन्शिअलमध्ये हवेतलं चाक गरगर फिरतं आणि दुसऱ्या शाफ्टवर जवळपास जोरच येत नाही. लॉकर असेल तर सगळा जोर त्या एकाच शाफ्टवर, ३,३०० च्या घरात. म्हणजे टायरमुळे १८ टक्के आणि लॉकरमुळे थेट दुप्पट. लोक टायरची धास्ती घेतात आणि लॉकर मात्र सहज बसवून टाकतात, हे मला नेहमी खटकतं.

इंजिन एवढा पीळ देऊ शकतं का? देतं. ट्रान्सफर केसचं (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या पेटीचं) लो, म्हणजे हळू पण जास्त जोराचा गिअर, २.४६ आणि क्राउन-पिनियन ५.३८ धरलं तर गिअरबॉक्सच्या पुढेच १३ पट होतात. त्यात पहिला गिअर. लो मध्ये ही जीप टायर घसरेपर्यंत ढकलू शकते.

हे सगळं शांतपणे चढताना. चाक उडून गरगरतंय, ॲक्सिलरेटर दाबलेला आहे आणि तेवढ्यात ते खडकावर आदळून पकडतं, तेव्हा बसणारा झटका यापेक्षा कितीतरी जास्त असतो. बहुतेक शाफ्ट तिथे जातात.

---

सडेवाट

हा हिशोब मी कुठेच वाचला नव्हता. म्हणजे लॉकर नको असं म्हणायचंय का?

---

घाटमाथा

नाही, लॉकर हवाच. लॉकर असला की उसळी मारत चढावं लागत नाही, गाडी हळू चढते आणि झटके कमी बसतात. फक्त शाफ्टचा विचार लॉकर धरून करा. आणि लॉकर आला की ३३ ची खरंच गरज उरते का, हेही बघा. ३१ x १०.५ आर १५ वर बरंच काही होतं. ५.३८ चं क्राउन-पिनियन असेल तर ३१ वर ते मूळच्या ४.८६ सारखं वाटेल, ३३ वर ४.५६ सारखं. त्या इंजिनाला हा फरक चढावर चांगलाच जाणवेल.

---

कोलोरॅडोकर

इकडे अमेरिकेत जीप रँग्लरवाल्यांमध्ये हीच चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, म्हणून थोडी मापं देतो. सडेवाट, जीप घराण्याच्याच गाड्या असल्याने तुम्हाला ती लागू पडतील.

टीजे पिढीच्या रँग्लरच्या बऱ्याच गाड्यांना मागे डेना ३५ होता. क्राउन साधारण ७.५८ इंच, २७ स्प्लाइन, शाफ्ट १.१८ इंच. वरच्या गाड्यांना डेना ४४: क्राउन ८.५ इंच, ३० स्प्लाइन, शाफ्ट १.३१ इंच. कागदावर फरक किरकोळ वाटतो. पण गोल शाफ्टची पिळाची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. १.१८ वरून १.३१ म्हणजे ३७ टक्के वाढ. १.३१ वरून दीड इंच म्हणजे आणखी ५० टक्के. म्हणून इथे साधारण असं ठरून गेलंय: डेना ३५ वर ३१ पर्यंत, ३३ आणि लॉकर हवा असेल तर डेना ४४ किंवा फोर्ड एक्सप्लोररचा ८.८, ३१ स्प्लाइनवाला. ३७ च्या वर गेलात की ६० चा विचार. २००३ साली रँग्लरची रुबिकॉन आली तेव्हा कंपनीने पुढे-मागे दोन्हीकडे डेना ४४ आणि लॉकर दिले, आणि टायर मात्र ३१ च्या आतलेच ठेवले. कंपनी किती हात राखून होती ते यावरून लक्षात यावं.

डेना ४४ नाव ऐकून लगेच खूश होऊ नका. या एक्सलचे शाफ्ट काळानुसार १० स्प्लाइन, १९ स्प्लाइन आणि ३० स्प्लाइन असे तिन्ही प्रकारचे आहेत. उघडून मोजल्याशिवाय काही ठरवू नका. तसंच क्राउन-पिनियनचे दात मोजा. ४३ आणि ८ असतील तर ५.३८, ३९ आणि ८ असतील तर ४.८८.

---

चिखलवाट

माझी मारुती जिप्सी किंग आहे, नाशिककडे फिरते. ३१ चे टायर आहेत. मागच्या एक्सलबद्दल सगळे बोलताहेत, म्हणून पुढच्याबद्दल लिहिते.

पुढच्या एक्सलमध्ये शाफ्टला वळावं लागतं, म्हणून टोकाला सांधा असतो. जिप्सीत तो गोळ्यांचा बंद सांधा, आपल्याकडे सगळे बर्फिल्ड म्हणतात. जुन्या जीपमध्ये वेगवेगळ्या जातीचे सांधे आहेत. सगळ्यांचा स्वभाव मात्र एकच: सांधा सरळ असताना ताकदवान, स्टेअरिंग पूर्ण वळवलेलं असताना सगळ्यात दुबळा. लो मध्ये, फुल लॉक करून, खडकाला चाक टेकवून ॲक्सिलरेटर दिला की कट्ट असा आवाज येतो आणि आतला पिंजरा फुटलेला असतो.

त्यामुळे पुढे लॉकर घालायच्या आधी दहादा विचार करा. आणि अडकल्यावर पहिलं काम म्हणजे चाकं सरळ करा, मागे या, दुसरी रेषा धरा. यात पैसे लागत नाहीत आणि महागातल्या सांध्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

---

सडेवाट

@चिखलवाट ताई, मनापासून धन्यवाद. पुढे लॉकर टाकायचा विचार आत्तापुरता सोडला.

@लेथमास्तर, परवा मागचं उघडून बघितलं. सेमी-फ्लोटिंग आहे, शाफ्टचं टोक निमुळतं आणि हबला चावी (खाचेत बसणारी लोखंडी पट्टी). शाफ्ट १९ स्प्लाइनचे. क्राउनला ४३ दात, पिनियनला ८. बाहेर काढला तेव्हा डाव्या शाफ्टच्या स्प्लाइन टोकाशी किंचित तिरक्या दिसल्या. फोटो टाकतोय.

---

लेथमास्तर

फोटो बघितला. तो शाफ्ट परत घालू नका. स्प्लाइन पिळल्या म्हणजे धातू एकदा सोसण्यापलीकडे गेलाय. तो पुढे तुटणारच, फक्त कुठे तुटेल ते तुमच्या हातात नाही.

आता सेमी-फ्लोटिंगबद्दल, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्टच चाकाला जोर देतो आणि शाफ्टच गाडीचं वजनही पेलतो. बाहेरच्या टोकाला तुटला तर चाक सुटून बाजूला जाऊ शकतं. घाटात उतारावर हे होऊ नये म्हणून मी हात जोडून सांगतो. फुल-फ्लोटिंगमध्ये हब दोन बेअरिंगांवर हौसिंगच्या नळीच्या टोकावर बसतो, वजन नळी घेते, शाफ्ट फक्त पीळ देतो. तुटला तर बोल्ट काढा, तुकडे ओढून घ्या, पुढच्या एक्सलवर गाडी हळूहळू गावात आणा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिज एमबी जीपला मागे फुल-फ्लोटिंगच होता.

निमुळत्या टोकाचा आणखी एक त्रास. हब टेपरवर घट्ट आवळलेला नसेल तर सगळा जोर चावीवर येतो, चावी कातरली जाते आणि खाचेच्या कोपऱ्यातून शाफ्टला चीर जाते. ३३ आणि लॉकर घालणार असाल तर माझ्या मते पैसे घालायची पहिली जागा हीच, फुल-फ्लोटिंग हब. शाफ्ट त्यानंतर. या टेपरवर लॉकर आणि ३३ असं दोन्ही मी कोणाला देणार नाही.

---

टॉर्कवाला

मास्तर, हे पटलं. फुल-फ्लोटिंगचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मग ईएन-२४ बद्दल काय? सगळीकडे तेच नाव ऐकतो.

---

लेथमास्तर

ईएन-२४ उत्तम आहे. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असलेलं पोलाद, अमेरिकावाले ज्याला ४३४० म्हणतात त्याच्या जवळपासचं. साधे शाफ्ट ईएन-८ सारख्या कार्बन पोलादाचे असतात, वरून इंडक्शनने कडक केलेले, आतून मऊ. ईएन-२४ नीट हीट ट्रीट केला तर अंगभर कडक होतो आणि चिवटही राहतो.

पण नुसत्या नावावर जाऊ नका. "ईएन-२४ आहे" म्हणून आलेला बार खरंच तोच आहे का, याचा टेस्ट रिपोर्ट मागा. हीट ट्रीटमेंटनंतर कडकपणा मोजून घ्या, रॉकवेल सी ४० च्या आसपास हवा. फार कडक ठेवला तर काचेगत ठिसूळ होतो आणि झटक्याला फट्कन जातो.

घडणीत दोन गोष्टी बघा. पहिली, स्प्लाइनच्या दातांच्या मुळाशी आणि जिथे व्यास बदलतो तिथे धारदार कोपरा नको, छान गोलाई हवी. चीर नेहमी कोपऱ्यातून सुरू होते. दुसरी गोष्ट लोकांना उलटी वाटते: शाफ्टचं अंग स्प्लाइनच्या मुळाच्या व्यासापेक्षा जाड ठेवू नका. अंग जाड ठेवलं की ते पिळतच नाही आणि सगळा पीळ स्प्लाइनच्या शेवटच्या अर्ध्या इंचावर गोळा होतो. अंग थोडं बारीक केलं तर झटका पूर्ण लांबीवर वाटला जातो. गिऱ्हाईक जाड शाफ्ट बघून खूश होतं, पण बारीक केलेला जास्त टिकतो.

आणि बसवायच्या आधी शाफ्टवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेष ओढा. फुल-फ्लोटिंगला शाफ्ट काढायला वेळ लागत नाही. मोठ्या फेरीनंतर काढून बघायचा. रेष सरळ असेल तर घाला परत. रेष तिरपी झाली असेल तर शाफ्ट पिळलाय, बदला.

कधी तुटलाच तर तुकडे फेकू नका. तुटलेल्या तोंडावर एका बाजूने गुळगुळीत वक्र रेषा दिसल्या तर चीर जुनी होती, हळूहळू वाढत गेली. सगळं तोंड एकसारखं खरबरीत असेल तर एकाच झटक्यात गेला. पहिल्यात घडण किंवा माल तपासा, दुसऱ्यात गाडी कशी चालवली ते.

---

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. इथे २०१४ पासून पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा होते. त्या गाड्या जवळून बघितल्या की एक कळतं, चिखल हा शाफ्टला खडकापेक्षा वाईट. चिखलात पकड नसते म्हणून चालक गाडी तापवतो, चाकं जोरात फिरतात आणि खाली लपलेलं मूळ किंवा दगड लागला की एकदम पकड येते. घाटमाथा यांनी लिहिलेला झटका तो हाच. जाणते चालक अशा ठिकाणी ॲक्सिलरेटर सोडतात आणि विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) लावतात. विंचवर खेचताना शाफ्टवर फारसा भारच नसतो. सडेवाट, तुमच्या बजेटमध्ये विंच नसेल तर मी आधी तो घालीन.

अजून एक, कमानपाट्यांकडे बघा. मोठ्या टायरने जोर वाढला की पाटा इंग्रजी एस सारखा मुरडतो, पिनियनचं नाक वर उठतं आणि क्रॉस वेड्यावाकड्या कोनात जातो. लोक क्रॉस बदलत बसतात. हौसिंगपासून चॅसीपर्यंत एक आडवी दांडी बसवली की हे थांबतं, फक्त चॅसीकडचं टोक शॅकलवर (झुलत्या कडीवर) झुलतं ठेवा, नाहीतर पाटाच आखडतो.

---

काळाकोट

विषयाची ही बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर दावा अडवू शकते.

त्याच मापाचा, चांगल्या पोलादाचा शाफ्ट घालणं आणि बॉडीबाहेर येणारे ३३ x १२.५ घालून मुंबई-गोवा महामार्गावर जाणं यात खूप अंतर आहे. काम सुरू करण्याआधी आरटीओत चौकशी करा, शक्य तर लेखी.

---

चिखलवाट

काळाकोट यांच्या मुद्द्याला जोडून: ब्रेक. ३३ ची चाकं म्हणजे लांब तरफ आणि जड वजन, तेच जुने ड्रम. एक्सलवर लाखभर घालून ब्रेक तसेच ठेवू नका. फुल-फ्लोटिंग हब करताना तिथेच ब्रेकचाही विचार करून घ्या, नाहीतर तेच काम परत उघडावं लागतं.

---

सडेवाट

सगळ्यांचे आभार. दोन रात्री हाच धागा वाचतोय. घरी बोललो, मास्तरांशी फोनवरही बोललो. ठरलं ते असं.

टायर ३१ x १०.५ आर १५. आरटीओत विचारूनच. मागे फुल-फ्लोटिंग हब, सोबत ब्रेकचं काम. शाफ्ट ईएन-२४ चे, रिपोर्टसकट, आणि एक जोड सुटा. क्राउन-पिनियन ५.३८ च राहील, बेअरिंग नवीन. लॉकर मागेच, पण हे सगळं एक पावसाळा वापरून झाल्यावर. पुढचा एक्सल उघडून सांधे, बेअरिंग, सील तपासायचे, बाकी हात लावायचा नाही. विंचसाठी पैसे बाजूला काढतोय.

३३ चा मोह आहे अजून. पण घाटमाथा यांचे आकडे बघून ३१ वर जे हवं ते सगळं मिळतंय असं दिसतं.

---

घाटमाथा

उत्तम बेत. चाकांचे रिम घेताना ऑफसेट बघा. रिम जेवढे बाहेर काढाल तेवढा बेअरिंगवरचा भार वाढेल.

---

लेथमास्तर

हौसिंग उघडणारच आहात तर ब्रीदरही (आतली हवा आत-बाहेर करणारं तोंड) बघून घ्या. मूळचा ब्रीदर हौसिंगवरच असतो. चालून गरम झालेली गाडी ओढ्यात घातली की हौसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि पाणी सीलमधून नाहीतर ब्रीदरमधून आत ओढलं जातं. तिथे नळीचा निपल बसवा, इंधनाची साधी रबरी नळी चालते, आणि ती चॅसीवरून वर बोनेटपर्यंत न्या. नळीचं तोंड खाली वळवून बांधा. पुढच्या एक्सललाही तसंच. नळी बांधताना चाक पूर्ण खाली लोंबतं ठेवून बघा, नाहीतर खड्ड्यात एक्सल खाली गेला की नळी ताणून निघते. आणि ओढ्याच्या फेरीनंतर ड्रेन प्लग थोडा सैल करून ऑइल बघा. दुधट आलं तर त्याच दिवशी बदला.